विद्यार्थ्याच्या संगणकातले छायाचित्र अपलोड न करता वेबपानावर दाखवता येईल का?

शाहूपुरी_सातारा (प्रश्न)

नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. कास पठारावरच्या फुलांची ओळख करून देणारे एक छोटे वेबपान आम्ही तयार केले असून त्यात वायतुरा, तेरडा, चवर, सीतेची आसवे, टोपली कारवी अशा वनस्पतींची छायाचित्रे आणि प्रत्येकीखाली दोन-चार ओळींचे वर्णन आहे. माझ्या लॅपटॉपवर हे पान व्यवस्थित दिसते. पेनड्राइव्हवरून ते संगणक कक्षातल्या यंत्रांवर नेले, की मजकूर दिसतो आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात. शाळेच्या संकेतस्थळावर चढवले तरी तीच गत. चित्राच्या टॅगमध्ये, म्हणजे चित्र कुठून घ्यायचे हे पानाला सांगणाऱ्या खुणेत, मी सी ड्राइव्हपासूनचा संपूर्ण पत्ता, म्हणजे यूजर्स, मग माझे नाव, मग पिक्चर्स, मग कास, असा दिलेला आहे.

याहून महत्त्वाची गरज दुसरी आहे. सहलीत मुलांनी स्वतः काढलेले छायाचित्र त्यांना याच पानावर आमच्या छायाचित्राशेजारी आणता यावे आणि पाने, पाकळ्या ताडून पाहता याव्यात. मात्र ते कुठल्याही सर्व्हरवर साठवले जाऊ नये, कारण त्यात पुष्कळदा मुलांचे चेहरे असतात आणि पालकांना ते रुचणार नाही. मुलाच्या संगणकावरील फाइलचा पत्ता पानात भरून हे साधेल का?

विश्रामबाग_सांगली

मॅडम, आधी पहिला प्रश्न घेतो. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता, ज्या संगणकावर पान उघडले आहे त्याच्यापुरताच अर्थपूर्ण असतो. "माजघरातल्या फडताळाच्या दुसऱ्या कप्प्यात बघा" असे आपण कोरेगावच्या पाहुण्यांना पत्रातून कळवले, तर ते स्वतःच्याच माजघरात शोधणार. कक्षातले यंत्रही आपल्या नावाचे फोल्डर स्वतःच्या सी ड्राइव्हमध्ये शोधते आणि ते तिथे नसते.

पान संकेतस्थळावरून उघडले की मात्र कारण बदलते. तेव्हा ती फाइल त्या यंत्रावर अगदी त्याच जागी असली, तरी ब्राउझर ती पानाला देत नाही. क्रोममध्ये एफ १२ ही कळ दाबून कन्सोल, म्हणजे पानातल्या चुका दाखवणारी चौकट, उघडलेत, तर ‘नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स’ अशी लाल ओळ दिसेल. हा अडथळा मुद्दाम घातलेला आहे आणि तो असायलाच हवा. पत्ता लिहिल्याबरोबर फाइल मिळू लागली, तर कोणतेही अनोळखी संकेतस्थळ अंदाजाने पत्ते टाकून आपल्या डिस्कवर काय आहे आणि काय नाही, हे आपल्या नकळत चाचपून पाहू शकेल.

त्यामुळे पानाची स्वतःची छायाचित्रे पानाच्या शेजारीच एका फोल्डरमध्ये ठेवावीत आणि टॅगमध्ये केवळ त्या फोल्डरचे नाव, मग पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि मग फाइलचे नाव लिहावे. विंडोजची मागे झुकलेली रेघ वापरू नये. पान आणि फोल्डर एकत्रच हलवले, तर पेनड्राइव्हवर आणि संकेतस्थळावर दोन्हीकडे चित्रे दिसतील.

आता मुलांच्या छायाचित्रांविषयी. पत्ता भरून हे साधणार नाही. मुलाने स्वतःच्या हाताने फाइल निवडून दिली पाहिजे. पानावर ‘इनपुट’ हा घटक ‘फाइल’ या प्रकाराचा ठेवावा आणि त्याच्या ‘अ‍ॅक्सेप्ट’ गुणधर्मात फक्त चित्रे निवडायची आहेत असे सांगावे. मुलाने बटण दाबून छायाचित्र निवडले की ‘चेंज’ ही घटना घडते आणि पानातल्या जावास्क्रिप्ट या भाषेतील प्रोग्रामला ती फाइल वाचायला मिळते. मिळते ती फाइल. तिचा पत्ता तेव्हाही मिळत नाही. इनपुटमधली ‘व्हॅल्यू’ वाचून पाहिलीत, तर सी ड्राइव्ह, मग ‘फेकपाथ’ असे बनावट फोल्डर आणि मग फाइलचे नाव एवढेच दिसते, कारण खरा पत्ता पानाला कळू नये असेच प्रमाणकात ठरले आहे.

हाती आलेली फाइल दाखवण्याचे दोन मार्ग आहेत. ‘फाइलरीडर’ने ती डेटा यूआरएलमध्ये, म्हणजे संपूर्ण फाइल अक्षरांच्या रूपात सामावणाऱ्या पत्त्यात, बदलता येते, पण त्या रूपांतरात दर तीन बाइटांची चार अक्षरे होत असल्याने ६ एमबीचे छायाचित्र सुमारे ८ एमबीच्या मजकुराएवढे होते. मी ‘यूआरएल’ या वस्तूची ‘क्रिएटऑब्जेक्टयूआरएल’ ही पद्धत सुचवीन. ती ‘ब्लॉब’ या शब्दाने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता बनवून देते आणि तो चित्राच्या टॅगमध्ये ‘एसआरसी’ म्हणून ठेवला की छायाचित्र लगेच दिसते. चित्र पूर्ण उमटल्यावर तो पत्ता रद्द करणारी ‘रिव्होकऑब्जेक्टयूआरएल’ ही पद्धत जरूर वापरावी, नाहीतर मुले एकामागून एक छायाचित्रे निवडत राहतील आणि पान बंद होईपर्यंत जुनी फाइल मोकळी होणार नाही.

या संपूर्ण व्यवहारात छायाचित्र मुलाच्या संगणकाबाहेर पडत नाही. आपण फॉर्म सबमिट केला नाही आणि फाइल कुठे पाठवणारी ओळ लिहिली नाही, तर सर्व्हरला तिचा पत्ताच लागत नाही. पालकांना दाखवून द्यायचे असेल, तर पान उघडल्यावर कक्षातला इंटरनेट जोड काढावा आणि मग छायाचित्र निवडावे. ते तसेच दिसेल.

मिरज_वेबकाम

वरच्या उत्तराला फाइलींच्या नावांची थोडी जोड देतो, कारण संकेतस्थळावर चढवल्यावर पुढची अडचण तिथेच येते. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलींचे जेपीजी हे शेपूट बहुधा मोठ्या लिपीत असते आणि आपण टॅगमध्ये ते छोट्या लिपीत लिहितो. विंडोज हा फरक मानत नाही, पण लिनक्सवर चालणारे सर्व्हर मानतात, म्हणून लॅपटॉपवर दिसणारे चित्र तिथे हरवते. नावे रोमन छोट्या लिपीत आणि मोकळ्या जागा न सोडता ठेवावीत. देवनागरी नावे चालतात, परंतु ‘पांढऱ्या’मधला ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात आणि सर्व्हरच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या फाइली ठरतात.

शाहूपुरी_सातारा

आपण दोघांनी इतक्या सविस्तर सांगितल्याबद्दल मनापासून आभार. पानाची छायाचित्रे आता सगळीकडे दिसत आहेत आणि मुलांचे छायाचित्रही वायतुऱ्याच्या चित्राशेजारी येते. दोन अडचणी उरल्या आहेत. चार-पाच छायाचित्रे एकदम निवडली की कक्षातली जुनी यंत्रे फार संथ होतात. आणि एका पालकांच्या आयफोनवरून घेतलेली छायाचित्रे क्रोममध्ये दिसतच नाहीत.

विश्रामबाग_सांगली

संथपणाचे कारण फाइलच्या आकारात नसून चित्राच्या मापात आहे. ४००० बाय ३००० ठिपक्यांचे छायाचित्र डिस्कवर चार-पाच एमबीचेच असेल, पण पडद्यावर उमटवण्यासाठी ते उलगडले की प्रत्येक ठिपक्याला चार बाइट या हिशोबाने ४८ एमबी स्मृती लागते. सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने, रुंदी कमी केली तरी उलगडायचे चित्र तेवढेच राहते. तेव्हा निवडलेले छायाचित्र एकेक करून ‘कॅनव्हास’ या चित्र रेखाटण्याच्या घटकावर १२०० बाय ९०० मापात काढावे, ‘टूब्लॉब’ने त्याची लहान प्रत बनवावी आणि तीच दाखवावी, तिला ५ एमबीहूनही कमी स्मृती पुरते. पाकळ्या ताडून पाहायला हे माप पुरेसे आहे. अगदी बारीक फुलांसाठी, उदाहरणार्थ सीतेच्या आसवांसाठी, आधी फुलाभोवतीचा भाग कापून घ्यावा.

आयफोनची छायाचित्रे बहुधा एचईआयसी या स्वरूपात असतील. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून ते फोन हे स्वरूप वापरतात आणि क्रोम किंवा फायरफॉक्स ते उलगडत नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, की पुढची छायाचित्रे जेपीजीमध्ये निघतील. आधीची बदलून घ्यावी लागतील. चित्र उमटले नाही तर ‘एरर’ ही घटना पकडून "हे छायाचित्र जेपीजीमध्ये बदलून आणा" असा स्पष्ट मराठी संदेश दाखवावा, म्हणजे मुले रिकाम्या चौकटीकडे पाहत बसणार नाहीत.

मेढा_रानवाटा

मी पठारावरच्या वनस्पतींच्या नोंदी ठेवतो, म्हणून एक विनंती करतो. मुलांची छायाचित्रे आपण साठवत नाही हे उत्तमच आहे, पण पानाची स्वतःची छायाचित्रे संकेतस्थळावर जाहीर होतात आणि फोनमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू असेल तर त्यांच्या आत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. वायतुऱ्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅपोनोजेटन सातारेन्सिस असे आपल्याच साताऱ्यावरून पडले आहे. ती ठरावीक सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, उथळ पाण्यात वाढते, आणि तिची नेमकी जागा कुणालाही कळली तर तिथे पाय पडायला वेळ लागत नाही. कृपया ही माहिती काढूनच छायाचित्रे चढवावीत.

विश्रामबाग_सांगली

ही सूचना अतिशय मोलाची आहे. मॅडम, यासाठी वेगळे साधन शोधावे लागणार नाही: कॅनव्हासवर पुन्हा काढलेल्या प्रतीत केवळ चित्र उतरते आणि स्थानाची नोंद मूळ फाइलमध्येच राहते. म्हणून पानाची छायाचित्रेही त्याच पद्धतीने लहान करून मगच चढवावीत. चढवल्यावर संकेतस्थळावरून एक प्रत उतरवून तिच्या प्रॉपर्टीजमधील तपशिलाच्या पानावर जीपीएसचा रकाना शिल्लक नाही ना, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

शाहूपुरी_सातारा

ही छायाचित्रे आजच बदलते. शेवटचे एकच विचारते: पान रिफ्रेश केले की मुलांनी निवडलेले छायाचित्र जाते. ते टिकवावे का?

मिरज_वेबकाम

टिकवता येते. ब्राउझरमधल्या ‘लोकलस्टोरेज’ या साठवणीला साधारण ५ एमबीची मर्यादा असते आणि त्यात फक्त मजकूर राहतो, त्यामुळे छायाचित्रांसाठी ‘इंडेक्स्डडीबी’ ही ब्राउझरमधलीच मोठी साठवण वापरावी लागेल. पण कक्षातल्या एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक मुले बसतात, आणि साठवलेले छायाचित्र पुढच्या तासाला दुसऱ्याच मुलासमोर उघडेल. पालकांना आपण जो शब्द देत आहात तो पाहता, शाळेच्या यंत्रांवर ते रिफ्रेशबरोबर जाऊ द्यावे, असे माझे मत आहे.