बाहुलीच्या गाण्यात 'डोळा'चा 'डोला' होतोय, शब्द स्वच्छ कसे करायचे?

पडद्यामागे

नमस्कार मंडळी. आमच्या बालनाट्यात एक लाकडी बाहुली गाते. यंत्राचा आवाज मुद्दाम घेतलाय, त्यामुळे 'एखाद्या मुलीकडून गाऊन घ्या' हा सल्ला कृपया नको. सिंथेसायझर व्ही या गाणारा आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चाल बसवली आहे. त्यात मराठी नाही, म्हणून ट्रॅक इंग्रजीवर ठेवून शब्द रोमन लिपीत टाकले. ओळी माझ्याच आहेत:

चांदणं सांडलं अंगणी, डोळा लागला बाळाला
झोका थांबला माझा गं, वारा म्हणतो पाळणा

सूर चोख लागतात, पण शब्दांची पार वाट लागते. तालमीला पुढच्या रांगेत बसलेल्या एक बाई विचारतात, "कोकणी आहे का हो?" ऐकू येतं ते साधारण असं: 'च्यांडनम सँडलम अंगनी, डोला लागला बालाला'. 'थांबला'मधला थ तर 'थिंक'मधल्यासारखा फुसफुसतो. पट्टी काळी पाच, 'अंगणी'चा णी वरच्या सा वर जातो. मागे पेटी आणि टाळ. इक्यूने (आवाजाचे पट्टे वर-खाली करायची सोय) वरचा भाग उचलून पाहिला, तर शब्द तसेच राहिले आणि आवाज कानात टोचायला लागला. प्रयोग पुढच्या महिन्यात आहे.

फेडर_दादा

पेटी 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी खाली घ्या, व्यंजनं बरीचशी तिथेच ओळखली जातात आणि पेटी नेमकी तिथेच ठाण मांडून बसते. टाळ बाहुलीच्या ओळीवर नकोच, ओळ संपली की वाजवा. रिव्हर्ब काढून टाका, नाट्यगृहाचा घुमारा असतोच. पण खरं सांगू का, ती जर 'डोला' गात असेल तर मिक्स करून तुम्हाला फक्त स्वच्छ 'डोला' मिळेल.

तालव्य

दादांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

मी कोल्हापुरात स्पीच थेरपिस्ट आहे. दिवसभर मुलांकडून 'ळ' काढून घ्यायचा आणि रात्री या सॉफ्टवेअरकडून. मुलं लवकर शिकतात.

आधी रोमन शब्द टाकणं बंद करा. तो शब्द इंग्रजी नियमांनी वाचला जातो आणि तुमच्या हातात काही राहत नाही. नोटमध्ये आधी टिंब देऊन पुढे ध्वनीची चिन्हं स्वतः लिहा. 'चांदणं', 'सांडलं' यांच्या शेवटचा अनुस्वार नाकातला नाहीच, तो लांबवलेला अ आहे. तिथे एम नको, एन नको, नुसता 'ए-एच' (इंग्रजी यादीतलं अ चं चिन्ह) ठेवा. बाकीचे अनुस्वार मात्र खरे अनुनासिक: 'चांद'मध्ये न, 'थांब'मध्ये म, 'अंगणी'त 'एन-जी' आणि त्याच्यामागे ग.

दुसरं, भाषा फक्त ट्रॅकला नाही, एकेका नोटलाही देता येते. खरी मजा इथे आहे. इंग्रजीचे टी-डी आपल्या कानाला ट-ड लागतात. म्हणजे 'डोळा', 'सांडलं' यांचा ड इंग्रजीतच राहू द्या, तो आयता मिळालाय. त-द हवे असतील तिथे स्पॅनिश घ्या, तिथे जीभ दातांना टेकते. शिवाय स्पॅनिश प-त-क मधून हवेचा फवारा निघत नाही. इंग्रजी प शब्दाच्या सुरुवातीला हवा सोडतो, म्हणून तुमचा 'पाळणा' जरा 'फाळणा'कडे झुकत असणार. (तुम्ही लिहिलं नाहीत, पण ऐकून बघा.) स्पॅनिश डी दोन स्वरांमध्ये मऊ पडतो, पण न च्या मागे कडक राहतो. 'चांदणं'चं काम त्यावर भागतं.

'चांदणं'चा च जपानीतून आणा. 'त्सुनामी'च्या सुरुवातीला येतो तो, 'टी-एस'. 'झोका' आणि 'माझा' यांना इंग्रजीत 'डी', 'झेड' आणि अगदी आखूड 'एच-एच' (म्हणजे ह). 'माझी' असतं तर 'जे-एच' लागला असता, गल्लत करू नका. थ साठी इंग्रजीचा 'टी-एच' विसरा. 'थां' ही नोट जपानी करा आणि टी, एच, ए असं लिहा.

आता ळ. जीभ मागे वळते, टाळूला लागते आणि पुढे आपटत खाली येते. कानाला ओळख पटते ती त्या आपटण्यामुळे. अमेरिकन माणूस 'वॉटर' म्हणतो तेव्हा मधला टी असाच झटका मारतो आणि इंग्रजी यादीत त्याला वेगळं चिन्ह आहे, 'डी-एक्स'. 'ळा' लिहिताना मी 'एल', 'डी-एक्स', 'ए-ए' असं लिहिते आणि एलची लांबी जेवढी कमी करता येईल तेवढी करते. ती जास्त राहिली तर 'लडा' ऐकू येतं. एकटी नोट लावून ऐकू नका, निराश व्हाल. अख्खा 'डोळा' ऐका, उरलेलं काम कान करतो. ण ला हाच उपाय, एलच्या जागी एन.

'डो'वर थांबत असाल तर इंग्रजी ओ शेवटी 'ओउ' होतो. नोट दोन तुकड्यांत तोडा, मागचा तुकडा जपानी ओ. जोड ऐकू येत नाही.

व्यंजन नोटच्या आधी सुरू होतं आणि स्वर ठोक्यावर पडतो, म्हणजे व्यंजनाला लागणारा वेळ आधीच्या नोटमधून कापला जातो. आधीची नोट आखूड असेल तर 'थ', 'झ' चेंगरतात. 'झोका'नंतर श्वासाएवढी जागा सोडा, मग 'थांबला' मोकळा होईल.

शेवटचं, 'णी'. काळी पाचचा वरचा सा म्हणजे साधारण 466 हर्ट्झ. ई ज्यावरून ओळखू येते तो पहिला अनुनाद 300 हर्ट्झच्या आसपास असतो. सूरच त्याच्या डोक्यावरून गेला की ई पुसट होते, माणसाच्या गळ्यातही. गाणाऱ्या बायका तिथे तोंड जास्त उघडतात ते उगाच नाही. चाल तुमचीच आहे ना? मग वरचा सा 'अं'वर घ्या आणि 'णी'ला खाली उतरा. सॉफ्टवेअरशी भांडण्यापेक्षा हे स्वस्त.

आणि त्या बाईंना पुन्हा ऐकवू नका, ओळी आता त्यांच्या ओळखीच्या झाल्या. ज्याला शब्द माहीत नाहीत असा कान शोधा आणि ऐकू येईल ते कागदावर लिहून द्यायला सांगा. कोणता ध्वनी पडतोय ते कागदावर दिसतं.

ओटो_इनी

एवढी उसनवारी करण्यापेक्षा ओपनयुटाऊ घ्या, तेही गाणारं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे. स्वतःच्या आवाजात का-की-कू, ळा-ळी-ळू सगळं एका सुरात रेकॉर्ड करा. ळ खरा, ण खरा. मेहनत पुढे आहे, प्रत्येक नमुन्यात व्यंजन कुठे संपतं आणि स्वर कुठे सुरू होतो त्या खुणा बसवायच्या. प्रीअटरन्सची (ठोक्याच्या किती आधी व्यंजन सुरू करायचं त्याची) खूण चुकली की गाणं मागे ओढल्यासारखं वाटतं आणि लोक ताल कच्चा म्हणतात.

तालव्य

@ओटो_इनी, तुमचं बरोबर आहे, पण प्रयोग पुढच्या महिन्यात आहे त्यांचा. दोन ओळींसाठी अख्खी बाराखडी रेकॉर्ड करायला लावता? हौस असेल तर सुट्टीत जरूर.

पडद्यामागे

ताई, ळ जमला! 'बाळाला' ऐकून नाटकातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. 'णी' खाली आणली, चाल उलट बरी वाटतेय. फक्त 'म्हणतो' अडलंय. एम आणि एच-एच लिहिलं तर 'म' आणि 'हणतो' असे दोन वेगळे शब्द वाटतात. एच-एच काढला तर 'मणतो'.

तालव्य

इंग्रजी ह मध्ये नुसती हवा असते, स्वरतंतू थरथरत नाहीत. आपल्या 'म्ह'मध्ये आवाज मध्ये कुठे तुटतच नाही. म्हणून एच-एच लिहूच नका. 'एम' आणि 'ए-एच' ठेवा आणि ब्रेथिनेसची (आवाजात हवा किती मिसळायची त्याची) रेघ एमच्या उत्तरार्धापासून वर चढवून स्वराच्या पहिल्या पाव भागात खाली आणा. त्याच जागी लाउडनेस थोडी दाबा. तेवढ्यानेही 'मणतो'च वाटलं तर 'म्ह'च्या सुरुवातीला सूर किंचित खालून घ्या, आपण बोलताना तिथे आवाज जरा उतरतो. 'झोका'च्या झ लाही हीच युक्ती लावून बघा, तिथला आखूड एच-एच कदाचित काढता येईल.