३६ की ३८? युव्हेंटसच्या त्या दोन जेतेपदांवरून

रामबागचा काळापांढरा

भाचा अकरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याला युव्हेंटस ह्या इटलीतल्या फुटबॉल क्लबचा शर्ट घेऊन दिला. तेव्हापासून त्याच्या भिंतीवर एक तक्ता लागलाय, इटलीची लीग कुणी किती वेळा जिंकली त्याचा. परवा विचारतो, "मामा, अधिकृत यादीत ३६ आहे आणि ह्यांच्या स्टेडियमवर ३८ लिहिलंय. मी काय लिहू?" मी म्हटलं ३८. समोर माझा शाळेपासूनचा मित्र बसला होता, पक्का इंटरवाला, म्हणजे इंटर मिलान ह्या दुसऱ्या क्लबचा चाहता. तो म्हणाला ३६. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या आणि दोन तास वाद झाला. शेवटी वहिनींनी दोघांनाही बाहेर काढलं. म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २००६ मध्ये इटलीच्या वर्तमानपत्रांत फोनवरची संभाषणं छापून आली. एका बाजूला युव्हेंटसचे महासंचालक लुचानो मोज्जी, दुसऱ्या बाजूला कोणत्या सामन्याला कोणता पंच हे ठरवणारे बेर्गामो आणि पाइरेत्तो. ह्यालाच कालचोपोली म्हणतात. १४ जुलैला निकाल लागला, २५ ला अपिलाचा. २००४-०५ आणि २००५-०६ ही दोन्ही जेतेपदं गेली आणि क्लब थेट दुसऱ्या श्रेणीत, तेही उणे गुणांवर: आधी ३०, मग १७, शेवटी ९.

माझं म्हणणं असं. मोज्जींना शिक्षा हवीच होती, त्यावर वाद नाही. पण ९ जुलैला बर्लिनला विश्वचषकाची अंतिम लढत झाली, त्यात युव्हेंटसचे आठ खेळाडू उतरले. बुफॉन, कान्नावारो, झाम्ब्रोत्ता, कामोरानेझी, देल पिएरो इटलीकडून. थुराम, व्हिएरा, त्रेझेगे फ्रान्सकडून. त्या रात्री साडेअकराला सामना सुरू झाला, बाहेर धो धो पाऊस, लोकमान्य नगरात मित्राकडे आम्ही बारा जण एका टीव्हीपुढे होतो. असा संघ पंचांच्या मेहेरबानीवर जिंकत होता असं म्हणायचं? पहिल्या वर्षी ८६ गुण, दुसऱ्या वर्षी ९१. आणि पकडलेले फोन २००४-०५ च्या हंगामातले आहेत. २००५-०६ ला पंच नेमणारा माणूसच बदलला होता. मग ते जेतेपद का काढलं? काढलं ते काढलं, वर तिसऱ्या आलेल्या इंटरला का दिलं? ज्यांनी दिलं ते इटलीच्या फुटबॉल फेडरेशनचे तेव्हाचे हंगामी प्रमुख गुइदो रोस्सी पूर्वी इंटरच्याच संचालक मंडळावर होते.

माझ्यासाठी ३८च.

निळाकाळा

तो इंटरवाला मित्र मीच. वहिनींची माफी मागून झाली आहे.

तू ८६ आणि ९१ गुण सांगतोस, पण तेच गुण कसे मिळाले हाच तर प्रश्न आहे ना? संघ उत्तम होता म्हणून त्यानं लबाडी केली नाही, असं कुठं ठरतं? पहिल्या नंबरानं येणाऱ्या मुलाच्या बापानं पेपर तपासणाऱ्याला फोन केला तर मुलगा हुशार होता म्हणून सोडून द्यायचं का? उलट मला जास्त राग येतो. गरज नसताना केलं, म्हणजे सवय होती.

आणि खेळाडू निर्दोष होते म्हणून करंडक राहू द्यावा हे मला पटत नाही. करंडक क्लबचा असतो. फोन करणारा माणूस क्लबचा महासंचालक होता, तुझ्यामाझ्यासारखा चाहता नव्हता. त्याच्याबरोबर कार्यकारी प्रमुख जिराउदोही होते. आणखी वरचं कोण राहिलं?

नेपल्सच्या कोर्टात मोज्जींना २०११ ला पाच वर्षं चार महिने झाले, अपिलात २०१३ ला दोन वर्षं चार महिने. २०१५ ला सर्वोच्च न्यायालयात मुख्य शिक्षा गेली ती मुदत उलटली म्हणून. तुमच्यातले बरेच जण 'सुटले, सुटले' म्हणत फिरतात. ते सुटणं आणि निर्दोष ठरणं, दोन्ही वेगळं आहे.

रामबागचा काळापांढरा

मुदतीचं तू काढलंस ते बरं केलंस. २०११ ला फेडरेशनचे वकील स्तेफानो पालाझी यांनी अहवाल दिला. त्यात इंटरचे तेव्हाचे अध्यक्ष फाकेत्ती यांचेही पंच नेमणाऱ्यांशी फोन होते आणि ते नियमभंगात बसतात असं लिहिलं. पण मुदत उलटली होती, म्हणून कारवाई नाही आणि २००६ चं जेतेपद इंटरकडेच. आमची मुदत आणि तुमची मुदत वेगळी का रे?

निळाकाळा

फाकेत्ती ४ सप्टेंबर २००६ ला गेले. अहवाल आला २०११ ला. ज्या माणसाला उत्तर द्यायला तोंडच उरलेलं नाही त्याच्यावर ठपका ठेवायचा आणि मग तो ठपका वर्षानुवर्षं वापरायचा, हे मला मनापासून लागतं. फोन झाले हे मी नाकारत नाही. पण पंच नेमणाऱ्यांशी बोलणं त्या काळी सगळेच करत. मोज्जींनी पंचांना परदेशी सिमकार्डं पुरवली असा तपासात आरोप होता. दोन्ही एका तराजूत घालू नकोस.

पिवळा गमछा

आपल्याकडचं उदाहरण देतो. २०१५ ला, योगायोगानं १४ जुलैलाच, लोढा समितीनं आयपीएलच्या चेन्नई आणि राजस्थानला दोन वर्षं बाहेर बसवलं. धोनी पुण्याकडून खेळला. २०१८ ला चेन्नई परत आली आणि जिंकलीसुद्धा. तिची २०१० आणि २०११ ची जेतेपदं कुणी पुसली नाहीत. संघाला शिक्षा करा, पण झालेला खेळ पुसू नका. काळ्यापांढऱ्या दादाचं मला बरोबर वाटतं.

निळाकाळा

भाऊ, तिथलं प्रकरण २०१३ च्या हंगामातल्या सट्ट्याचं होतं. २०१० चा करंडक कशासाठी काढतील? इथे ज्या हंगामातले फोन, त्याच हंगामाचं जेतेपद गेलं.

रामबागचा काळापांढरा

एका हंगामाचं, हो. दुसऱ्याचं काय, ते तू अजून सांगितलं नाहीस.

शिट्टीवाली

मी इतके दिवस नुसतं वाचते, आज लिहिते. सोळा वर्षं पंचगिरी करते आहे, बहुतेक शाळा-कॉलेजांचे सामने, नेहरू स्टेडियमला आणि महूकडे. तुम्ही सगळे 'सामना विकत घेतला का' ह्याच प्रश्नाभोवती फिरताय. इटलीतल्या त्या निकालानंही अमुक एक सामना पैसे देऊन फिरवला असं म्हटलं नव्हतं. मग काहीच झालं नाही का? मला जे माहीत आहे ते सांगते.

मला आजवर कुणी पाकीट दिलेलं नाही. पण एका स्पर्धेत आदल्या रात्री यजमान संघाच्या प्रशिक्षकांचा फोन आला. "ताई, उद्या तुम्हीच आहात ना? बरं झालं." एवढंच बोलले, बाकी काही नाही. पण माझं नाव अजून जाहीर झालेलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे हे त्यांना मला कळवायचं होतं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं उरली असताना यजमानांच्या बचावपटूनं सरळ पाय घातला. मी पेनल्टी दिली, ते हरले. त्या स्पर्धेचं बोलावणं मला पुढची दोन वर्षं आलं नाही. भांडण नाही, तक्रार नाही, यादीत नाव नाही एवढंच.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. त्यानंतर दुसऱ्याच एका मैदानावर तसाच प्रसंग आला. शिट्टी ओठांना लागली आणि हात क्षणभर अडला. मी ती वाजवली. पण तो क्षण आला होता, आणि तो माझ्या डोक्यात कुणीतरी एक रुपयाही न देता घातला होता.

पंचाला पुढचा सामना कोण देतो, ह्याच्यावर त्याचं पोट आणि मान दोन्ही असतं. तो देणारा माणूस एका क्लबच्या साहेबाशी रोज गप्पा मारतो हे साऱ्या पंचांना माहीत असेल, तर साहेबाला काही मागावंच लागत नाही. रेज्जिनाविरुद्ध हरल्यावर पंचाला खोलीत कोंडलं, असं मोज्जी फोनवर फुशारकीनं सांगत होते. खरंच कुलूप लावलं की नाही ह्यावर नंतर बराच काथ्याकूट झाला. मला त्याचं महत्त्व वाटत नाही. ती गोष्ट पुढच्या रविवारच्या पंचाच्या कानावर गेली की झालं.

म्हणून दादा, 'संघ तसाही जिंकलाच असता' हे तुम्ही म्हणू नका. असेलही. पण ते आता कुणालाच कळणार नाही, तुम्हालासुद्धा. ते कळण्याची सोयच त्या माणसांनी काढून घेतली.

रामबागचा काळापांढरा

ताई, तुमचं दोनदा वाचलं. २००४-०५ बद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

कोपऱ्यातला प्रेक्षक

सगळ्यांचा मान राखून एक विचारतो. युव्हेंटस, इंटर, मिलान. ह्यांचं नुकसान काय झालं शेवटी? युव्हेंटस एका वर्षात वर आला. मिलानचे गुण कापले तरी त्यांना चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळू दिलं आणि २००७ ला अथेन्समध्ये लिव्हरपूलला २-१ हरवून त्यांनी करंडक नेला.

बोलोन्याचं नाव कुणी घेतलं का इथे?

२००४-०५ च्या शेवटी फिओरेन्तिना, पार्मा, बोलोन्या, तिघांचे ४२ गुण. आपसातल्या सामन्यांच्या हिशेबावर फिओरेन्तिना वाचली. शेवटच्या दिवशी लेच्चे आणि पार्मा ३-३ असे बरोबरीत सुटले, आणि तो सामना पुढे ह्याच आरोपांत आला, फिओरेन्तिनाला वाचवण्यासाठी घडवला म्हणून. उरलेल्या दोघांत निर्णायक लढत झाली. बोलोन्यानं पार्मात जाऊन १-० नं जिंकलं आणि घरच्या मैदानावर ०-२ नं हरले. गेले खाली. फिओरेन्तिनाला २००६ ला आधी खाली पाठवलं, अपिलात वाचवलं आणि शेवटी १५ गुण कापले. ज्या वर्षी बोलोन्या बुडाला ते वर्ष कुणी त्याला परत दिलं नाही. खाली गेलेल्या क्लबचे चांगले खेळाडू जातात, टीव्हीचे पैसे जातात, गावात रविवारचं रिकामपण येतं. माझ्या लेखी कालचोपोलीतला खरा बळी तोच. तुमच्या तक्त्यात ३६ लिहा, ३८ लिहा, त्या लोकांच्या आयुष्यात त्यानं काही हलत नाही.

मी महूचा आहे. आमच्याकडे फौजेच्या मैदानांवर फुटबॉल बघत मोठा झालो. मोठ्या संघाशी जीव जडला नाही कधी, म्हणून असेल.

निळाकाळा

हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे फिओरेन्तिनाची शिक्षा माहीत होती, बोलोन्याचं लक्षातच आलं नव्हतं.

जुना होळकर

पोरांनो, मी क्रिकेटवाला. सी. के. नायडू आणि मुश्ताक अलींच्या होळकर संघाच्या गोष्टी वडिलांकडून ऐकत वाढलो. त्या संघाकडून पुढे खेळलेले भाऊसाहेब निंबाळकर डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर. समोरच्या कर्णधारानं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. माझे वडील म्हणायचे, हा अन्यायच होता. पण पुस्तकात ४४३च आहे. कुणी दया म्हणून नऊ धावा लिहून दिल्या नाहीत, आणि भाऊसाहेबांनीही कधी मागितल्या नाहीत.

मला एवढंच म्हणायचंय की जे मैदानात घडलं नाही ते वहीत लिहू नये. २००५-०६ ला इंटरला ७६ गुण होते, ते तिसरे होते. त्यांना विजेते लिहिणं म्हणजे नऊ धावा वाढवून देणं. आणि युव्हेंटसला विजेते लिहायचं तर ताईंनी सांगितलं ते डोळ्यांआड करावं लागतं. २००४-०५ ची जागा रिकामी ठेवली ना फेडरेशननं? दुसरीही तशीच ठेवायला हवी होती.

निळाकाळा

काका, तुमचा मान ठेवून सांगतो, आमच्या वर दोन संघ होते आणि दोघांनाही शिक्षा झाली. मग पहिलं स्वच्छ नाव आमचंच येतं. नियमानं आलेलं जेतेपद आम्ही का नाकारायचं? पण खरं सांगू का, ज्या दिवशी ते मिळालं त्या दिवशी राजवाड्यावर मी पेढे वाटले नाहीत. २००७ ला वाटले. २००७ चं आम्ही खेळून जिंकलो होतो.

रामबागचा काळापांढरा

मी २००६-०७ ला जे केलं ते सांगतो. दुसऱ्या श्रेणीतला पहिलाच सामना रिमिनीला, १-१. इब्राहिमोविच आणि व्हिएरा तुमच्याकडे गेले, कान्नावारो माद्रिदला, थुराम आणि झाम्ब्रोत्ता बार्सिलोनाला. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद, त्रेझेगे, कामोरानेझी राहिले. विश्वचषक जिंकून आलेला माणूस रिमिनीच्या मैदानावर उतरला. देल पिएरोनं त्या हंगामात २० गोल केले. मी सगळे निकाल एका वहीत लिहायचो, कारण सामने दिसायचे नाहीत. युव्हेंटसचा म्हणून मला कुठला हंगाम विचाराल तर मी तोच सांगेन. आणि तो ३६ मध्येही धरत नाहीत आणि ३८ मध्येही.

२००५-०६ वर मी हटणार नाही. फोन नाहीत, पंच नेमणारा दुसरा, आणि तरी काढलं. ताईंच्या बोलण्यानंतरही मला ते चुकीचंच वाटतं, कारण भीती पुढच्या वर्षीही टिकते हे खरं असलं तरी शिक्षा द्यायला पुरावा त्या वर्षाचा लागतो.

२००४-०५ मात्र मी सोडतो. भाच्याला आज संध्याकाळी फोन करून सांगणार आहे: ३७ लिही.

निळाकाळा

३७ जगात कुठल्याही यादीत नाही रे.

रामबागचा काळापांढरा

माहीत आहे.

शिट्टीवाली

रविवारी सकाळी साडेसातला चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना आहे, नेहरू स्टेडियमला. भाच्याला घेऊन या. लाइन्समन कमी पडतोय, तुमच्यापैकी कुणीतरी झेंडा धरा.