पंचावन्नाव्या वर्षी डेट्रॉइटहून पुण्यात परतताना नोकरीची आशा किती धरावी?

मिशिगनकर

नमस्कार. माझे वय ५५ आहे. २००१ साली चिंचवडहून निघालो आणि तेव्हापासून डेट्रॉइटच्या परिसरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात काम करतो आहे. नागरिकत्व अमेरिकेचे असून माझ्याकडे परदेशी नागरिकाला भारतात राहण्याची मुभा देणारे ओसीआय कार्ड आहे. पत्नी मूळची मिशिगनचीच, वय ५२, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. तिला मराठी चांगली समजते. बोलताना मात्र आमच्या घरातली खुर्ची अजून पुल्लिंगीच आहे.

वडील गेल्या वर्षी गेले. आई ८२ वर्षांची असून चिंचवडच्या घरात एकटी राहते आणि इकडे यायची तिची मुळीच तयारी नाही, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात आम्हीच तिकडे यायचे ठरवले आहे. राहते घर आहे, मुलीचे शिक्षण संपले आहे. अडचण मधल्या वर्षांची आहे. ४०१-के या नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातले पैसे साडेएकोणसाठाव्या वर्षाआधी काढले तर दंड बसतो, सोशल सिक्युरिटी (तिकडची सरकारी पेन्शन) ६२ च्या आधी मिळत नाही आणि ६२ व्या वर्षी घेतली तर कायमची कमी मिळते; पूर्ण हवी असेल तर ६७ पर्यंत थांबावे लागते. म्हणजे निदान सात वर्षे घरखर्च निघेल इतके कमावणे आम्हाला भाग आहे.

गेल्या तीन महिन्यांत नोकरीच्या संकेतस्थळांवरून चाळीसेक जाहिरातींना अर्ज केले. फोन दोनच आले, आणि दोन्ही वेळा पदवीचे साल सांगताच समोरच्याने बोलणे आवरते घेतले. एका मुलीने तर अगदी अदबीने विचारले, "सर, आपण कामासाठी येताय की रिटायर व्हायला?" चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात पंचावन्नाव्या वर्षी बाहेरच्या माणसाला खरोखर कोणी घेते का, आणि पत्नीला शाळेत काम मिळण्याची शक्यता किती, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी सांगावे. केवळ धीर देण्यासाठी कृपया लिहू नये.

जे ब्लॉक, भोसरी

माझा भोसरीत सुट्या भागांच्या मशीनिंगचा कारखाना आहे आणि तिथे साठ माणसे काम करतात, त्यामुळे नोकरी देणाऱ्याच्या बाजूने लिहितो. तुम्हाला पगारावर ठेवणे मला परवडणार नाही, आणि ज्यांना परवडेल त्या मोठ्या कंपन्या ठेवणार नाहीत. त्यांच्याकडे निवृत्तीचे वय ५८ किंवा ६० असते. गुणवत्ता प्रमुखाची जागा रिकामी झाली की तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोघे-तिघे पंचेचाळिशीचे लोक आतच असतात. बाहेरून आणलेला माणूस तीनच वर्षे राहणार असेल तर त्याच्यासाठी या लोकांना दुखवायचे कोणी आणि कशासाठी? जाहिरातीला अर्ज करणे तुम्ही आजच थांबवलेत तरी काही बिघडणार नाही.

मात्र आमच्यासारख्या लहान कारखानदारांची एक गरज आहे आणि तिची जाहिरात कधीच निघत नाही. आमच्याकडे आयएटीएफ १६९४९ या मोटार उद्योगातील गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते, पीपॅपची (ग्राहकाकडून सुटा भाग मंजूर करून घेण्याच्या कागदपत्रांची) फाइलही पूर्ण असते, पण अमेरिकन ग्राहकाकडून तक्रार आली की आमचा मुलगा तक्रारीचे मूळ कारण व उपाय सांगणाऱ्या एट-डी अहवालात 'कामगाराला पुन्हा प्रशिक्षण दिले' एवढेच कारण लिहून पाठवतो आणि ग्राहक तो अहवाल तिसऱ्यांदा परत पाठवतो. पलीकडच्या माणसाला नेमके काय हवे आहे, तो कुठे अडून बसेल आणि कुठे सोडून देईल, हे टेबलाच्या त्या बाजूला वीस वर्षे बसलेल्यालाच ठाऊक असते. अशा माणसाला महिन्यातून सहा-आठ दिवस बोलावून दिवसाच्या हिशेबाने पैसे द्यायला मी तयार असतो, आणि आमच्या गल्लीतले आणखी तीन-चार जणही तयार होतील. माझ्याकडे असे एक गृहस्थ येतात; वय ६३, दिवसाचे १५,००० रुपये. त्यांचे चार कारखाने आहेत, पाचवा ते घेत नाहीत.

यात धोका वसुलीचा आहे. आमच्याच लोकांबद्दल लिहितो, पण सल्लागाराचे बिल आमच्याकडे सर्वांत शेवटी निघते. स्टीलवाला थांबत नाही, बँक थांबत नाही, सल्लागार थांबतो. यावर उपाय म्हणजे उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची नोंद असेल तर लेखी करार असतानाही ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदाराला कायद्याने बंधनकारक आहे, आणि मुदत टळली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात त्याला तो खर्च दाखवता येत नाही. ही आयकराची तरतूद आल्यापासून मार्च महिन्यात आमचे लेखापाल स्वतःहून सल्लागारांना फोन करू लागले आहेत. फक्त उद्यमसाठी आधार लागते, आणि ओसीआयधारकाला आधार मिळण्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते. पहिले सहा महिने त्याशिवायच काढावे लागतील, हे धरून चला.

हिशेबी

जे ब्लॉक यांचा सल्ला धंद्याच्या दृष्टीने योग्य आहे, पण अमेरिकन नागरिकासाठी त्यात एक खाच आहे आणि ती बहुतेकांना पहिले विवरणपत्र भरतानाच कळते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही. त्यामुळे अमेरिकन नागरिकाने भोसरीत बसून स्वतंत्र सल्लागार म्हणून रुपयांत कमावले तरी त्या निव्वळ कमाईवर अमेरिकेचा सुमारे १५.३ टक्के स्वयंरोजगार कर द्यावा लागतो. परदेशातील कमाईवर जी वजावट मिळते ती आयकरापुरती असते, या कराला लागू होत नाही. तीच कमाई भारतीय कंपनीच्या पगारातून आली तर हा कर लागत नाही. म्हणून काही जण स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड काढून तिच्याकडून पगार घेण्याचा मार्ग सुचवतात. पण मग त्या कंपनीचे वेगळे विवरण अमेरिकेला दरवर्षी द्यावे लागते आणि ते भरून देणाऱ्याची फी ऐकल्यावर १५ टक्के बरे वाटू लागतात.

४०१-के बाबत तुमची माहिती अर्धीच बरोबर आहे. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली तर त्याच मालकाच्या योजनेतील पैसे दहा टक्के दंडाशिवाय काढता येतात, अर्थात योजनेच्या नियमांत तशी सोय असली तर. ही सवलत आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्याला नाही. तेव्हा निघण्यापूर्वी 'सगळे एकत्र करून टाकू' म्हणून ते पैसे आयआरएमध्ये हलवू नका. तुमच्या सात वर्षांच्या गणितात यामुळे बराच फरक पडेल.

भारतातील बाजू आधी तुमच्या फायद्याची आहे. इतकी वर्षे अनिवासी राहिल्यामुळे परतल्यावर साधारण दोन, तारीख जुळली तर तीन आर्थिक वर्षे तुम्ही 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या वर्गात मोडाल आणि तेवढा काळ तिकडचे व्याज व लाभांश यांवर इथे कर लागणार नाही. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: अमेरिकन कंपनीसाठी चिंचवडच्या घरातून काम केले आणि पगार अमेरिकेतील खात्यात जमा झाला तर तो 'परदेशी उत्पन्न' ठरेल, असे लोक समजतात. काम भारतात केले आहे, म्हणून त्यावर भारतात कर लागतो. खाते कुठले आहे याला महत्त्व नाही.

पगाराची नोकरी मिळालीच तर भविष्य निर्वाह निधीत तुमची गणना 'आंतरराष्ट्रीय कामगार' म्हणून होईल. इतरांना असलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा तुम्हाला नसते. मूळ पगाराच्या पूर्ण रकमेवर १२ टक्के कापले जातात आणि ते पैसे निवृत्तीनंतर, ५८ पूर्ण झाल्यावरच मिळतात. चाळिशीच्या माणसाला ही अट जाचक वाटते, तुम्हाला तीनच वर्षांचा प्रश्न आहे.

भारतीय म्युच्युअल फंडात एक रुपयाही घालू नका, अमेरिकेचे नियम त्यांना फार कठोरपणे वागवतात. आणि आईच्या बँक खात्यावर तुमचे नाव घालणार असाल, तर सर्व खात्यांची मिळून रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तरी ते खातेही अमेरिकेला कळवावे लागते.

खराडी बायपास

जे ब्लॉक यांनी पगाराची नोकरी मिळणारच नाही असे सुचवले आहे, ते मला मान्य नाही. मी ५३ व्या वर्षी ओहायोहून पुण्यात आलो आणि हातात नेमणुकीचे पत्र घेऊनच आलो. मात्र ते बाहेरून अर्ज करून मिळाले नव्हते. माझ्या तेव्हाच्या कंपनीचे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होते आणि तिथल्या लोकांशी मी सहा वर्षे रोज सकाळी फोनवर बोलत होतो. बदली मागितली, भारतीय श्रेणीचा पगार कबूल केला आणि आठ महिन्यांनी बदली झाली. मिशिगनमधील कितीतरी कंपन्यांची अशी केंद्रे पुण्यात आणि बंगळुरात आहेत. तुमच्या कंपनीचे असेल तर राजीनामा लिहिण्यापूर्वी तिथे बोला, कारण राजीनामा दिल्यावर तुम्हीही चाळीस अर्जदारांपैकी एक होता.

बाहेरून आलात तर आणखी एक त्रास असतो. इथले मनुष्यबळ खाते आधीच्या तीन नोकऱ्यांची कार्यमुक्तीची पत्रे, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागते, आणि यातले तुमच्याकडे काहीच नसते. माझी पडताळणी आतल्या बदलीमुळे टळली. माझ्या एका मित्राची चार महिने अडली आणि तोवर ती जागाच गेली.

साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होते. त्याचे मला फारसे काही वाटले नाही. त्यांना मात्र बैठकीत मला खोडून काढणे जड जाई, आणि त्यामुळे ते मला बैठकीला बोलावणेच टाळू लागले. दोन वर्षांनी फेररचना झाली आणि माझे पद गेले.

आता मी एका खासगी विद्यापीठात 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ही सोय केली. क्षेत्रातला निदान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएच.डी. लागत नाही, मुदत सगळी मिळून चार वर्षांपेक्षा जास्त नसते. पैसे आधीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतके आहेत. सरकारी संस्थांतील जागांचा विचार करू नका, कारण केंद्राने खास मुभा दिलेली पदे सोडली तर ओसीआयधारकाला सरकारी नोकरी करता येत नाही.

इयत्ता नववी ब

वहिनींविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. मी पुण्यातील एका आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवते आणि शिक्षकांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीत असते.

पहिली गोष्ट, त्यांचे ओसीआय कार्ड झाले आहे का? पतीमुळे मिळणाऱ्या कार्डासाठी विवाहाची नोंदणी होऊन तो सलग दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. ती अट तुमची कधीच पूर्ण झाली असेल, पण कार्ड आपोआप मिळत नाही. ते नसेल तर त्यांना नोकरीचा व्हिसा लागेल, आणि त्यासाठी वर्षाला १६.२५ लाख रुपयांहून अधिक पगाराची अट आहे. इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना तिच्यातून वगळले आहे, इंग्रजीच्या शिक्षकांना नाही. एवढा पगार फार थोड्या शाळा देतात. कार्ड असेल तर ही अट लागत नाही, फ्रोकडे (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणीही लागत नाही.

दुसरी गोष्ट, पदवी, अध्यापनाचा परवाना आणि पोलीस पडताळणी यांवर अपोस्टील (परदेशात ग्राह्य धरले जाणारे अधिकृत प्रमाणीकरण) तिकडेच करून घ्या. राज्याची कागदपत्रे राज्याच्या सचिवालयातून आणि एफबीआयचा दाखला वॉशिंग्टनमधून करून घ्यावा लागतो. पुण्यात बसून हे करताना माझ्या एका सहकारी बाईंचे एक शैक्षणिक वर्ष गेले.

कामाची शक्यता विचाराल तर इंग्रजीच्या शिक्षकांची पुण्यात वाण नाही, आणि 'मातृभाषा इंग्रजी' एवढ्यावर आता कोणी भाळत नाही. सीबीएसईच्या शाळांत बी.एड. ची अट आडवी येईल. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाचा अनुभव असेल किंवा त्यांनी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम केले असेल, तर ते अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहावे. त्या माणसांसाठी आम्ही वर्षभर शोधत असतो. आमचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मुलाखती जानेवारीपासून होतात. उन्हाळ्यात येऊन मग शोधू म्हणाल तर उशीर होईल. वय आमच्याकडे अडचण ठरत नाही, ५२ तर नाहीच.

मिशिगनकर

सर्वांचा आभारी आहे. पत्नीचे ओसीआय अद्याप झालेले नाही. अर्ज याच आठवड्यात करतो. तिने सहा वर्षे विशेष शिक्षण विभागात काढली आहेत आणि ते मला लिहावेसेही वाटले नव्हते. माझ्या कंपनीचे पुण्यात केंद्र नाही, चेन्नईत आहे, त्यामुळे बदलीचा मार्ग आईच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. दिवसाच्या हिशेबाने काम आणि ५५ च्या सवलतीने ४०१-के मधून थोडे पैसे, असे जमते का ते मांडून पाहतो. एकच विचारायचे राहिले: मला रक्तदाब आहे, या वयात आरोग्य विमा मिळतो का?

हिशेबी

मिळतो. नवीन पॉलिसीसाठी असलेली ६५ वर्षांची मर्यादा विमा नियामकाने २०२४ मध्ये काढून टाकली, आणि आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची ठेवता येते. ती तीन वर्षे पॉलिसीच्या तारखेपासून मोजली जातात, म्हणून आल्या आल्या घ्या आणि रक्तदाब लपवू नका. मेडिकेअर या अमेरिकेतील ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा भारतात उपयोग नाही. तरीही कधी परत जाण्याचा विचार असेल तर ६५ व्या वर्षी त्याचा भाग बी (डॉक्टरी खर्चाचा विमा) घ्यायचा की नाही हे तेव्हा विचारपूर्वक ठरवा, कारण उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि तो वाढलेलाच राहतो.

जे ब्लॉक, भोसरी

उन्हाळ्याआधी आईंना भेटायला एखादी चक्कर होणार असेल तर एक दिवस माझ्याकडे काढा. परत आलेल्या दोन एट-डींच्या फाइली समोर ठेवतो. तुम्हाला काम कळेल आणि मला तुम्ही कळाल. त्या दिवसाचे पैसे देईन. मार्चमध्ये येऊ नका, वर्षअखेरीच्या गडबडीत कोणी बोलायलाही मोकळे नसते, आणि गुरुवार टाळा, गुरुवारी भोसरीला सुट्टी असते.