रासेयोचं सात दिवसांचं शिबिर: गावासाठी की आपल्यासाठी? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सातपुड्याची वाट
जानेवारीत आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) निवासी शिबिर झालं. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. आम्ही पन्नास जण, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. तिसऱ्या दिवशी वनराई बंधारा, म्हणजे नाल्यात पोत्यांचा तात्पुरता बांध, घातला. पोती भरून, शिवून, रचून हाताला फोड आले. नाला मात्र ठणठणीत कोरडा. एका आजोबांनी विचारलं, "आता अडवायचं काय?" कुणालाच उत्तर सुचलं नाही. हा बंधारा पाऊस ओसरताना, धार चालू असतानाच घालायचा असतो. तरच हरभऱ्याला एखादं पाणी मिळतं, गुरांची सोय होते.

व्यसनमुक्तीची फेरी काढली तीही कुलपं लावलेल्या घरांसमोरून. दिवाळी झाली की माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. मागे म्हातारे आणि काही पोरं. ज्यांना सांगायला गेलो ती माणसंच गावात नव्हती. माझं स्पष्ट मत आहे, गावाला न विचारता ठरवलेली अशी शिबिरं बंद करावीत.

पांझरेकाठची मास्तरीण
बंद करा म्हणणं मला अजिबात पटत नाही. मी बारा वर्षं कॉलेजात रासेयोची कार्यक्रम अधिकारी होते. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. सेवेतून विद्यार्थी घडावा हा तिचा हेतू पहिल्यापासूनचा आहे. गावाचं पाणी सात दिवसांत सोडवू असं कुणीही म्हटलेलं नाही.

माझ्या एका शिबिरात एक मुलगी होती. वडील तिला तालुक्याच्या स्टँडवरही एकटीला पाठवत नसत. मी घरी जाऊन दोन तास बसले, तेव्हा होकार मिळाला. सात दिवसांनी परतली ती घमेली उचलून, परक्या घरी चूल फुंकून, ग्रामसभेत उभं राहून बोलून. पुढे तिने शिक्षण सोडलं नाही. त्या शिबिरातल्या बंधाऱ्यात पाणी साठलं का, मला आठवत नाही. ती मुलगी आठवते.

सातपुड्याची वाट
मॅडम, ती मुलगी घडली याचा मलाही आनंद आहे. पण तिने उचललेली घमेली कुणाच्या उपयोगाची होती, हे तिला कळायला नको का? मी घरी आले तेव्हा आईने विचारलं, काय केलं? "बंधारा" म्हणताना मला लाज वाटली. शिबिराशिवाय वर्षाला १२० तास आपण देतोच. ते कॉलेजच्या आवारात झाडू मारण्यात जातात. तेच तास ऑक्टोबरात नाल्यावर द्या.

तापीकाठ
ऑक्टोबरात? आमच्या वर्गातली निम्मी पोरं तेव्हा घरच्या कापसात असतात. वेचणीला मजूर मिळत नाही, मग शनिवार-रविवारी आम्हीच. खान्देशातल्या कॉलेजात "शहरातली पोरं गावात गेली" हे चित्रच चुकीचं आहे. आम्ही गावातूनच येतो.

शेतकरी, साक्री
आमच्या गावात दोनदा शिबिर झालं. पोरं चांगली होती, कामचुकार नव्हती. माझी माय त्यांच्यासाठी भाकरी टाकायची. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "तुम्हीं येतस, फोटू काढतस नि चाली जातस." रागाने नाही म्हणाली, तिला पोरांचा लळा लागला होता. दुसऱ्या वर्षी त्यातलं एकही पोर फिरकलं नाही, तेच तिला लागलं.

आमच्याच तालुक्यात बारीपाडा गाव आहे. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या लोकांनी जंगल राखलं ते वर्षानुवर्षं, स्वतः राखण करून, कुऱ्हाडबंदी स्वतःवर लावून. बाहेरच्याने तिथे जाऊन आधी बघावं, कामाला हात नंतर घालावा. म्हणून माझं म्हणणं मॅडमच्याही विरोधात आहे आणि ताई, तुमच्याही. शिबिर ठेवा, पण कॉलेजने कामासाठी निवडलेलं दत्तक गाव दरवर्षी बदलू नका.

पांझरेकाठची मास्तरीण
गाव न बदलण्याचं मान्य, अगदी मान्य. आम्हीही बदलत गेलो, ती चूक होती. पण जानेवारीतलं शिबिरही वाया जात नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची मागे राहिलेली पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ असतात. पन्नास विद्यार्थ्यांनी सात दिवस त्यांच्यासोबत वाचायला बसणं, हे जानेवारीचंच काम आहे. पहिल्या सत्राची परीक्षा झाल्यावर मुलं मोकळी असतात, गावात ती पोरं असतात. बंधारा घालायचा हट्ट मात्र सोडावा लागेल.

सातपुड्याची वाट
त्या शाळेत चौथीची एक पोरगी रोज आमच्या खोलीशी येऊन उभी राहायची. आम्ही तिला "नंतर ये" म्हणायचो, पोती भरायची होती म्हणून.

शेतकरी, साक्री
आमचा नाला दसऱ्यानंतर काही आठवडे वाहतो. तापीकाठ, कापसाचं खरं आहे, म्हणून पन्नास नकोत, वीस जण पुरेत, एकच रविवार. खताची रिकामी पोती घराघरांतून मी गोळा करतो. कळण्याची भाकर आणि ठेचा आमच्याकडे. जानेवारीत पुन्हा या, तीच पोरं घेऊन. माय विचारते आहे.