मदत हवी आहे: चाकू घडवायला शिकणाऱ्यांसाठी गॅसची छोटी भट्टी, ज्योत नीट येत नाही आणि विकताना सोबत काय द्यावं?

कुपवाडची_ठिणगी

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. नांगर, पलटी, ट्रॉलीची दुरुस्ती हे रोजचं काम. हल्ली हौसेने चाकू घडवणारी पोरं येऊ लागली आहेत. ट्रकच्या कमानीचा पाटा हातात आणि प्रश्न एकच: "दादा, घरामागच्या जागेत चालेल अशी भट्टी करून द्याल का?" आपल्याकडे ऊसतोडीचे कोयते घडवणारे लोहार कोळशावरच काम करतात, त्यांचा हात त्यावर बसलेला आहे. पण या पोरांना कोळशाचा धूर शेजारी करू देत नाहीत, आणि जाळ ओळखायला शिकवणारं जवळ कोणी नसतं. गॅसची भट्टी त्यांना खरंच उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून एक नमुना केलाय आणि नीट जमला तर विकायचाही विचार आहे.

नमुना असा: १० इंची एमएस पाइपचा १२ इंचांचा तुकडा, आत २५ मिमी सिरॅमिक वूलचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे) दोन थर (१२८ घनतेचं, १२६० अंशांचं), त्यावर कास्टेबलचा (पाण्यात कालवून लावायच्या, उष्णता सोसणाऱ्या सिमेंटचा) पातळ हात. बर्नर पाऊण इंची पाइपचा, पंख्याशिवाय, हवा स्वतः ओढणारा. जेट (गॅस सुटायचं बारीक भोक) म्हणून ०.९ मिमीची मिग वेल्डिंगची टिप. गॅस एलपीजी, व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरमधून, गॅस कटिंगच्या मीटरवाल्या रेग्युलेटरने.

अडचण ज्योतीची आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये याच मापाच्या बर्नरची ज्योत आखूड, निळी दिसते. माझ्याकडे हवेचं तोंड पूर्ण उघडलं तरी भट्टीच्या तोंडातून लांब पिवळा जाळ बाहेर येतो आणि शेड उघडं असूनही डोळे चुरचुरतात. दाब कमी-जास्त करून फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न ज्योतीपेक्षा मोठा आहे. भट्टीसोबत रेग्युलेटर आणि नळी द्यावी, की नुसती भट्टी विकून "बाकीचं तुम्ही बघा" म्हणावं? नुसती दिली तर किंमत बरीच खाली येते. पण घेणारा अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो, आणि घरात स्वयंपाकाचा सिलिंडर समोर उभा असतो. कोणी अशा वस्तू केल्या, विकल्या असतील तर कृपया सांगा.

लोखंडी

तुमच्या बर्नरमध्ये दोष नाही, फरक गॅसचा आहे. ते व्हिडिओ जवळजवळ शुद्ध प्रोपेनवरचे असतात. आपल्या एलपीजीत प्रोपेनबरोबर ब्युटेन बऱ्यापैकी असतो. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, ब्युटेनला सुमारे ३१. ब्युटेन जड असल्यामुळे जेटमधून सुटताना थोडी जास्त हवा ओढतो, पण ती वाढ गरजेला पुरत नाही. त्यामुळे तोच बर्नर आपल्याकडे गॅस जास्त, हवा कमी असा चालतो. अशा बर्नरमध्ये दाब वाढवला की गॅसबरोबर हवाही त्याच बेतात वाढते, म्हणून रेग्युलेटर फिरवून तुम्हाला फरक दिसला नाही.

टिप ०.८ मिमीची लावा. गॅस कमी सुटेल तो दाब थोडा वाढवून भरून काढा. टिप पाइपच्या बरोबर मध्यात आणि सरळ आहे का ते पाहा, जराशी तिरकी असली तरी हवा ओढणं बिघडतं. भट्टीची दोन्ही तोंडं विटा लावून फार बंद केली असतील तर तीही थोडी उघडा, आत दाब साठला की बर्नर हवा घेत नाही. बर्नरचा पाइप जीआय असेल तर बदला, गरम टोकाला जस्ताचा धूर निघतो.

आणखी एक. सिलिंडरमधून आधी प्रोपेन जास्त निघून जातो, मागे ब्युटेन जास्त उरतो. भरलेल्या सिलिंडरवर ज्योत जमवून गिऱ्हाईकाला दिलीत तर सिलिंडर संपत आल्यावर ती पुन्हा पिवळी होईल. विकण्याआधी संपत आलेल्या सिलिंडरवर पाहूनच पास करा.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून लिहितोय. रेग्युलेटर-नळीशिवाय विकू नका, हे माझं ठाम मत.

घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो. तुमच्या बर्नरला ०.३ ते १.५ बार लागतो, म्हणजे दहापट ते पन्नासपट. पोरगं घरचा रेग्युलेटर लावून बघेल, ज्योत येणार नाही, मग कोणीतरी त्याला रेग्युलेटर काढून थेट जोडायची युक्ती सांगेल. अपघात तिथेच होतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणं २००० सालच्या एलपीजी नियमन आदेशानुसार बेकायदाही आहे. भट्टीच्या अंगावर ठळक मराठीत लिहा, नुसतं कागदावर नको.

सोबत द्यायचं ते असं: मीटरचा रेग्युलेटर, जास्त दाबाची नळी, भट्टीजवळ बंद करायचा बॉल व्हॉल्व्ह. गॅस कटिंगचे जोड डाव्या आट्याचे असतात, नवख्याला ते कळत नाही, म्हणून सगळं जोडून, साबणाच्या पाण्याने तपासून द्या.

सिलिंडर छोटा असेल तर तो गार पडून दाब उतरेल, कारण द्रवाचा वायू होताना उष्णता लागते. ब्युटेन तर शून्य अंशाजवळच उकळतो. आमच्याकडे पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीत हा त्रास लवकर होतो. सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात ठेवला तर चालतं. त्याला जाळ दाखवायचा नाही आणि तो आडवा करायचा नाही. आडव्या सिलिंडरमधून द्रव येतो.

गॅस हवेपेक्षा जड आहे हे कागदावर पहिल्या ओळीत लिहा. तळघर, बंद पार्किंग, खिडकी नसलेली खोली अजिबात नको. गॅस अर्धवट जळला की होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

माणदेशी

आमच्या घरात पिढीजात लोहारकाम. गॅसच्या भट्टीला माझा विरोध नाही, पण भट्टी मोठी झालीय तुमची. चाकूचं पातं घडवताना एका वेळी बोटभर लांबीवरच काम होतं. एवढी पोकळी तापवायला गॅस फुकट जातो. ८ इंची पाइप घ्या, आत ४ इंच उरतात, अर्धा इंची बर्नर पुरतो. नवशिक्याचा महिन्याचा खर्च यावरच ठरणार.

तळाला वूल ठेवू नका. लोखंड तापवून ठोकून जोड मारताना टाकणखार (बोरॅक्स) वापरतात, तो वितळून वूल खातो. तळाला जास्त ॲल्युमिनाच्या कास्टेबलची जाड फरशी ओता. बाकी वूलही कुठे उघडं राहता कामा नये. त्याचे तंतू फुप्फुसात जातात, आणि बराच काळ खूप तापलेलं वूल नंतर फोडलं तर धूळ आणखी वाईट. भट्टी उघडून दुरुस्त करणाऱ्याला मास्क लागतो हेही लिहून द्या.

भट्टीबरोबर एमएस पाइपचा एक तुकडा द्या, आत सरकवायला. पाणी द्यायला (म्हणजे तापवून, विझवून कडक करायला) पातं तापवताना त्या पाइपात ठेवलं की टोक आणि धार आधी जळत नाही, सगळीकडे सारखा रंग येतो. लोहचुंबक सुमारे ७७० अंशांना चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं पुढे न्यायचं आणि बाहेर काढायचं. कमानीच्या पाट्याला तेलात विझवा. पाण्यात घातलं तर तडा जाण्याची भीती. पोरांचं पहिलं पातं इथेच वाया जातं आणि दोष भट्टीला लागतो.

कुपवाडची_ठिणगी

सगळ्यांचे मनापासून आभार. ०.८ ची टिप लावली. जाळ आखूड झाला, तोंडाबाहेर थोडीच ज्योत येते आणि डोळ्यांची चुरचुर थांबली. संपत आलेल्या सिलिंडरवरची चाचणी बाकी आहे.

पुढची भट्टी ८ इंचीच करतो, कास्टेबलची फरशी ओतून. विक्रीचं ठरलं: रेग्युलेटर, नळी, व्हॉल्व्ह जोडूनच जाईल, सुटी भट्टी मागितली तरी देणार नाही. किंमत वाढेल, काही गिऱ्हाईकं जातील, ते चालेल. पहिल्या काही भट्ट्या सांगली-कोल्हापुरातच, शेडवर बोलावून, पेटवून आणि विझवून दाखवल्याशिवाय नेऊ देणार नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी लागते असं सीएंनी सांगितलं, त्यामुळे ते आत्ता थांबवलंय.

आता एकच अडलंय. वूल कडक करायला कोलॉइडल सिलिका लागतं, ते मला पिंपानेच मिळतंय. सांगली, मिरज किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांपैकी कोणाकडून चार-पाच लिटर सुटं मिळू शकेल का? इन्व्हेस्टमेंट कास्टिंग करणाऱ्यांकडे असतं असं ऐकलंय. कोणी ओळखीचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माणदेशी

व्यनि केलाय. स्वतःचा प्लास्टिकचा कॅन घेऊन जा, आणि आणल्यावर झाकण घट्ट लावा, उघडं राहिलं तर घट्ट होतं.