मदत हवी आहे : मुलगा काहीच खात नाही, मोबाईलशिवाय घास घेत नाही

निळीशाई
इथे बरेच अनुभवी आईबाबा आहेत म्हणून लिहितेय. आमचा मुलगा काहीही खात नाही. खरंच काहीही. घास तोंडात घेतो, गालात धरून बसतो आणि थोड्या वेळाने अंगावर थुंकतो. वाटीभर भात भरवायला तास जातो, तोही मोबाईल समोर धरला तरच. मोबाईल बाजूला केला की रडारड. दिवसभर त्याला कशात गुंतवावं तेही सुचत नाही, खेळणी दोन मिनिटांत फेकून देतो. भूक वाढवणारं एखादं खात्रीचं टॉनिक सांगा, आणि मोबाईलशिवाय रमेल असं काहीतरी. 'मोठा झाला की खाईल' असं कृपया कुणी लिहू नका, घरात रोज तेच ऐकतेय. जरा लवकर सांगा.

पाऊलवाट
वय किती? वजन किती?

खारूताई
टॉनिकच्या मागे लागू नका. आमच्याकडे हाच प्रकार होता, वेळा बांधून दिल्यावर सुटला. तीन जेवणं, दोन मधली खाणी, मध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंचं साधं सूत्र आहे : काय, कधी आणि कुठे खायचं ते आईवडिलांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. ताटात वाढा, शेजारी बसून स्वतः जेवा आणि 'अजून एक घास' म्हणणं बंद करा. पहिले काही दिवस जड जातात, पण आपण त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं की मूल स्वतः वाटीकडे बघायला लागतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ताडमाड
टॉनिक नको हे बरोबर. रोज मूठभर बदाम-शेंगदाणे द्या, येता-जाता खातील. माझी दोन्ही मुलं त्यावरच धष्टपुष्ट झाली.

दहिवर
ताडमाड, मुलाचं वय अजून कळलेलं नाही आणि तुम्ही अख्खे दाणे सांगताय? चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे बदाम, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं द्यायची नसतात. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, धावता-हसताना दाणा थेट श्वासनलिकेत जातो. द्यायचेच तर बारीक कूट करून किंवा वाटून पातळ लावून. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा.

ताडमाड
आम्ही लक्ष ठेवून देत होतो. इतकं घाबरून मुलं वाढवली तर ती चावायला शिकणार कधी?

दहिवर
चावायला शिकायला उकडलेला बटाटा आहे, अंडं आहे, मऊ शिजवलेली गाजराची फोड आहे. दाणा अडकला की लक्ष ठेवणाऱ्याच्या हातात फार थोडी मिनिटं असतात. यात भीतीचा प्रश्नच नाही.

अंगणवेल
जंताचं औषध देऊन बघितलं का? आधी ते विचारा डॉक्टरांना. आणि डायपर सोडवायचा असेल तर दीड वर्षानंतर दर दोन तासांनी भांड्यावर बसवा, आमच्या नातीला पटकन सवय लागली. रागवायचं नाही, गाणी म्हणायची.

निळीशाई
डायपर हा विषयच नाहीये. वय अडीच वर्षं. वजन ११ किलो ८००. आधी गुटगुटीत होता, आता वर्षभर वजन ढिम्म आहे म्हणून घरचे मला बोलतात. जंताचं औषध झालंय. खारूताई, वेळा बांधून बघितल्या, तो उपाशीच राहतो आणि त्याला फरकच पडत नाही, म्हणून तर विचारतेय. दाणे नाही देत.

पाऊलवाट
वजनाचा आकडा एकटा घाबरवणारा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा देशांतल्या मुलांवरून वाढीचे तक्ते काढले, त्यात अडीच वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १३ किलोच्या थोडं पुढे आहे आणि साडेदहाच्या वरची मुलं सर्वसाधारण पट्ट्यात धरतात. पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट वजन होतं, त्यानंतर वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते. पण वर्षभर काटा एकाच जागी असेल तर तो तक्ता डॉक्टरांसमोर ठेवायला हवा. मागच्या वजनांच्या नोंदी आहेत का? आणि उपाशी राहून फरक पडत नाही म्हणजे पोटात दुसरं काहीतरी जातंय. दूध किती पितो?

निळीशाई
दूध तर पितो ना, ते एकच व्यवस्थित पितो. बाटलीनेच पितो. उठल्या उठल्या, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री झोपताना आणि मध्यरात्री एकदा. २४० ची बाटली आहे. जेवला नाही तर तेवढाच आधार. पण माझा प्रश्न जेवणाचा आहे, दुधाची तक्रार नाही.

पाऊलवाट
पाच बाटल्या म्हणजे १२०० मिली! या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. सायीच्या दुधातून लिटरमागे सहाशेच्या वर जातात. त्याची भूक दुधातच भागते, मग भात गालात धरेल नाहीतर काय करेल? दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात ४०० ते ५०० मिली पुरतं, ७०० च्या वर तर नकोच.

ओलीमाती
दूध कमी करायला सांगू नका हो! जेवत नाही, त्यात दूधही काढलं तर पोरगं राहील कशावर? दूध पूर्णान्न आहे. आमच्या घरात सगळी मुलं दुधावरच वाढली.

दहिवर
दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, पण लोह जवळजवळ नाही. लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅम, तेही कसंबसं. या वयाला रोज सात मिलिग्रॅमच्या आसपास हवं. शिवाय दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह शोषू देत नाही. दूध बंद करा असं कुणीच म्हणत नाहीये, जेवणाची जागा दुधाने घेऊ नये एवढंच. शौचाला कडक होते का हेही सांगा, जास्त दुधाने तेही होतं आणि पोट जड राहून भूक मरते.

चिकणमाती
मी खेळाबद्दल लिहिते, त्या प्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये. महागडी खेळणी नकोत. अडीच वर्षांच्या मुलाला खरं काम हवं असतं. मारिया माँटेसरी मूळच्या डॉक्टर, १९०७ मध्ये रोममध्ये त्यांनी मुलांचं पहिलं घर सुरू केलं आणि मुलांच्या हातात पाणी ओतायचं भांडं आणि पुसायचं फडकं दिलं. परातीत दोन मग ठेवा, एकात पाणी घाला, या मगातून त्या मगात ओतू द्या. सांडलं की पुसायला फडकं त्याच्याच हातात. डब्यांची झाकणं जुळवणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, बटाटे धुणं, पालेभाजी तोडणं. मीठ-कणकेचा गोळा करून द्या, रंगीत खडू द्या. तुम्ही काय काय देऊन बघितलंय?

निळीशाई
खडू देऊन झाले. चित्र काढायच्या ऐवजी खातो. फळ्याचा पांढरा खडू तर बिस्किटासारखा कुरतडतो. खिडकीखाली भिंतीचे पोपडे निघालेत, तेही नखाने खरवडून तोंडात घालतो, म्हणून तर हातात काही देत नाही आणि एका जागी बसवण्यासाठी मोबाईल देते. पाण्याचा खेळ करून बघते. शौचाला कडकच होते, दोन-तीन दिवसांनी. भूक लागण्याचं काही सांगा ना.

दहिवर
निळीशाई, हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. खडू, माती, भिंतीचे पोपडे खाणं, त्यात हजार मिलीच्या वर दूध, जेवण नाही, वजन थांबलेलं. हे चित्र लोह कमी असल्याचं असू शकतं. खोड म्हणून सोडून देऊ नका. लोह कमी झालं की भूकही मंदावते आणि मूल चिडचिडं होतं. खालच्या पापणीच्या आतली बाजू आणि नखं फिकट दिसतात का ते उजेडात बघा, पण ती लाल दिसली तरी तपासणी टाळू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन रक्त तपासा. या वयात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. आणि पोपडे खातो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषून घेतं. तोवर त्या भिंतीसमोर कपाट सरकवा.

पाऊलवाट
दहिवर यांना पूर्ण अनुमोदन. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने लोहाचं औषध आणू नका. जास्त झालं तर लहान मुलाला ते विषासारखं बाधतं. मात्रा वजनावरून डॉक्टरच ठरवतील.

चिकणमाती
तर मग माझी मीठ-कणकेची सूचना याच्यासाठी नको. तो गोळा टिकावा म्हणून त्यात भरपूर मीठ असतं आणि हा तोंडात घालणार. बिनमिठाची साधी कणीक मळून द्या, लाटणं द्या, संपलं की टाकून द्या.

ओलीमाती
तरी माझं म्हणणं तेच. दूध एकदम तोडू नका, मूल झुरतं.

खारूताई
मोबाईलचं तर कुणी घेतलंच नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पडदा बघणं दिवसाला तासभर ही कमाल मर्यादा, तेही जेवताना अजिबात नाही. पडद्याकडे बघत गिळणाऱ्या मुलाला पोट भरलं का रिकामं हे कळतच नाही.

रानवाट
पण आई एकटी असेल आणि स्वयंपाक करायचा असेल तर वीस मिनिटं लावलं म्हणून काय झालं? आम्ही दोघं नोकरी करतो, प्रत्येक वेळी बटाटे धुवायला शेजारी बसणं जमत नाही.

खारूताई
स्वयंपाक करताना लावणं वेगळं, तोंड उघडावं म्हणून लावणं वेगळं. माझा आक्षेप दुसऱ्याला आहे.

निळीशाई
रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.२, लोहाचा साठाही कमी. शिशाची तपासणी वेगळी पाठवलीये. औषध सुरू केलंय. दूध दोन कपांवर आणा म्हणाले, पण कसं ते सांगायला वेळच नव्हता, बाहेर रांग होती. मध्यरात्रीची बाटली एकदम बंद करू का? काल दिली नाही तर सगळं घर जागं. आणि औषधाने भूक किती दिवसांत लागेल?

पाऊलवाट
बरं झालं तपासलंत. मध्यरात्रीची आधी सोडवा, दातांसाठीही तीच सगळ्यात वाईट. रात्रभर दूध दातांवर साचतं आणि पुढचे दात किडतात. एकदम जमत नसेल तर दर दोन-तीन रात्रींनी बाटलीत ३० मिली दूध कमी घाला. शेवटी पाणी मागेल, ते कपातून द्या. दिवसाचं दूध आतापासूनच कपात, आणि जेवणानंतर. जेवणाच्या आधी तासभर दूध नाही. भुकेचा नेमका दिवस कुणी सांगू शकणार नाही, पण साधारण महिन्याने पुन्हा रक्त तपासतात, तोवर हिमोग्लोबिन एखाद अंकाने वर आलेलं दिसायला हवं. आकडा ठीक आला म्हणून औषध थांबवू नका, साठा भरायला पुढचे दोन-तीन महिने देतात.

दहिवर
औषध दुधाबरोबर देऊ नका. संत्र्यासारख्या आंबट फळाबरोबर दिलं तर लोह चांगलं शोषलं जातं. शौचाचा रंग काळा होईल, घाबरू नका. जेवणात अंडं, डाळी, पालेभाजी आणि खात असाल तर मांस-मासे थोडे थोडे. नवी भाजी नाकारली तरी ताटात कोपऱ्यात चमचाभर ठेवत राहा. मुलांना एखादी चव पटायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळी हार मानतात.

निळीशाई
आज त्याने पालक तोडला. देठ एकीकडे, पानं दुसरीकडे, बराच वेळ मान खाली घालून बसला होता. खाल्ला नाही. मोबाईल मात्र मागितला नाही. औषधाने दात काळे पडतात असं शेजारच्या काकू म्हणतात, खरं आहे का? मग बंद करू?

दहिवर
बंद अजिबात करू नका. डाग वरवरचे असतात. सुई नसलेल्या सिरिंजने जिभेच्या मागच्या बाजूला, गालाच्या आतून हळूहळू सोडा, वर पाणी पाजा आणि दात घासा. बाटली उंच कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा, चव गोड असली तर तो शोधून पिईल.