‘रॅफिनेट’ला मराठीत काय म्हणावं?

घणसोलीकर:
रबाळ्याच्या एमआयडीसीत आमच्याकडे सल्फ्युरिक ॲसिडात विरघळलेलं तांबं परत काढतात. केरोसीनमध्ये मिसळलेलं ऑक्झाइम (तांबं धरून ठेवणारं रसायन) त्या द्रावणाबरोबर घुसळलं की तांबं केरोसीनच्या थरात जातं, आणि निवळल्यावर खाली उरतं ते रॅफिनेट. टाक्यांच्या मराठी पाट्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. ‘रिफाइन’वरून मी ‘परिष्कृत द्रावण’ लिहिलं. सेकंड शिफ्टच्या एका दादांनी विचारलं, “म्हणजे चांगलं झालेलं पाणी ना? गटारात सोडायचं?” पाटी लगेच उतरवली. दुसरा शब्द सुचवा.

नौपाड्याचे गुरुजी:
पाटी उतरवलीत ते फार बरं केलंत, ताई. शब्द फ्रेंच ‘शुद्ध करणे’वरून आला. वंगणतेलातले नको असलेले घटक द्रावकाने काढून घेत आणि मागे उरलेलं तेलच हवं असे, म्हणून ते रॅफिनेट. तुमच्याकडे हवं ते निघून जातं, नाव मात्र तेच राहिलं. शिवाय तांब्याचा एक आयन वर गेला की हायड्रोजनचे दोन आयन खाली येतात. म्हणजे दर ग्रॅम तांब्यामागे सुमारे १.५४ ग्रॅम सल्फ्युरिक ॲसिड त्या ‘परिष्कृत’ द्रावणात वाढतं! चुकीचा शब्द इथे हात भाजवू शकतो.

कळव्याहून:
घुसळणं आलंच आहे, तर लोणी वर आणि ताक खाली. ‘ताक’ का नको?

नौपाड्याचे गुरुजी:
समजवायला उत्तम, पाटीवर नको. पिण्याच्या वस्तूचं नाव ॲसिडाच्या टाकीला कधीही देऊ नये. सरळ ‘तांबं काढलेलं ॲसिड’ लिहा. शब्द लांब झाला तरी चालेल.

घणसोलीकर:
पटलं. आणि लोडेड ऑरगॅनिकला, म्हणजे तांबं घेतलेल्या केरोसीनच्या थराला, ‘भारित’ म्हणू का?

कळव्याहून:
‘भारित’ म्हटलं की विद्युतभार आठवतो. आम्ही मालाच्या गाडीवर सामान चढवतो आणि उतरवतो, तेच घ्या ना. तांबं चढलेलं केरोसीन, तांबं उतरलेलं केरोसीन. स्ट्रिपिंग म्हणजे उतरवणं.

नौपाड्याचे गुरुजी:
वा! रंग चढतो, विष चढतं नि उतरतं, क्रियापद अगदी आपलं आहे. क्रियाही तशीच आहे. सौम्य ॲसिडात तांबं चढतं, लिटरला १८० ग्रॅमच्या आसपास सल्फ्युरिक ॲसिड असलेल्या द्रावणात उतरतं. एक्स्ट्रॅक्शनसाठीचा ‘निष्कर्षण’ हा शब्द पुस्तकात राहू द्या. व्युत्पत्तीने तो शब्द चोख आहे, बाहेर ओढून काढणे. पण ‘निष्कर्ष’ म्हटलं की लोकांना अहवालाचं शेवटचं पान आठवतं.

घणसोलीकर:
पाटी अशी लिहिली: ‘तांबं काढलेलं ॲसिड. विरघळवण्याच्या टाकीकडे परत. गटारात सोडू नये.’ दादांना वाचायला दिली, त्यांनी काहीही न विचारता व्हॉल्व्ह बरोबर दाखवला.
आता दोन थरांच्या मधोमध जमणाऱ्या चिकट क्रडचं बघू. ‘साका’ लिहिलं तर लोक तो तळाशी शोधतील.